व्हॅन वळलीच नव्हती: लुकलुकणाऱ्या ब्रेक लाइटचं एक प्रकरण

काडेपेटीहून जरा लहान, रेझिन ओतून बंद केलेली काळी डबी. तिला तीन वायरी. लाल वायर ब्रेक स्विचकडून येते, पिवळी मागच्या दिव्यांकडे जाते, काळी बॉडीला अर्थिंग. ब्रेकवर पाय पडला की ही डबी दिव्यांना सलग वीज देत नाही. आधी आठ वेळा तोडून तोडून देते आणि मग मुकाट्याने बाजूला होते. दिवा आठदा लुकलुकतो, मग नेहमीसारखा स्थिर पेटतो. या प्रकरणातला मुद्देमाल एवढाच.

मी अपघातात सापडलेल्या गाड्यांची विजेची बाजू तपासून अहवाल लिहितो. हे काम माझ्याकडे अपघातानंतर अठरा दिवसांनी आलं, आणि आलं ते चांगल्याच चिडलेल्या माणसाकडून. त्यांच्या अकरा डिलिव्हरी व्हॅन आहेत. "साहेब, मागून येऊन ठोकलं त्यांनी, आणि चूक माझी?" हे त्यांचं फोनवरचं पहिलं वाक्य. मागच्या गाडीच्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरने लेखी हरकत घेतली होती: व्हॅनचा ब्रेक लाइट लुकलुकत होता, तो नियमात बसत नाही, त्याने आमच्या ग्राहकाची दिशाभूल झाली. मालकांना ही सरळ सरळ पळवाट वाटत होती. खरं सांगायचं तर फोन ठेवताना मलाही तसंच वाटलं होतं. जो मागून धडकतो त्याची चूक, हा हिशोब आपल्या डोक्यात इतका पक्का बसलेला असतो की त्याला फाटा देणारं काही ऐकलं की आधी संशयच येतो.

घडलं ते असं

संध्याकाळची वेळ, रिमझिम पाऊस, रस्ता रुंद पण मधल्या पट्ट्यांची आखणी पुसट झालेली. वाहतूक रांगेने, थांबत-सरकत चाललेली. व्हॅन चालवणारे गृहस्थ पंचवीस वर्षांचे मुरलेले चालक. गॅरेजातली पोरं त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणतो. मागच्या गाडीत एक बाई एकट्या होत्या. पुढची रांग हळू झाली, मामांनी ब्रेक लावला, आणि साधारण तीन सेकंदांनी मागच्या गाडीचा उजवा पुढचा कोपरा व्हॅनच्या डाव्या मागच्या कोपऱ्यावर बसला. कोणालाही इजा झाली नाही.

दोघांचे जबाब मी आधी वेगवेगळे वाचले, मग शेजारी शेजारी ठेवून वाचले.

मामा म्हणतात: "मी सरळ चाललो होतो. इंडिकेटरला हातसुद्धा लावला नाही. ब्रेक मारला, तोही हलकाच."

बाई म्हणतात: "व्हॅनचा उजवीकडचा दिवा लुकलुकायला लागला. मला वाटलं ती उजवीकडे वळतेय, म्हणून मी डाव्या आरशात बघितलं आणि डावीकडून पुढे जायला निघाले."

असे दोन जबाब समोर आले की कोण खोटं बोलतंय ते शोधायचं, हा आमच्या कामातला पहिला मोह. इथे गाड्यांवरची ठोकर बाईंच्या जबाबाला धरून होती. न बघता मागून येऊन आदळलेली गाडी बहुधा सरळ आदळते, अशी कोपऱ्यावर कोपरा ठेवून नाही. त्या खरोखरच डावीकडे सरकत होत्या. आणि मामांच्या इंडिकेटरचं म्हणाल तर गाडीतल्या ट्रॅकरवर त्याची नोंद राहत नव्हती, वेगाची मात्र राहत होती.

सुदैवाने बाईंच्या गाडीत काचेला चिकटवलेला कॅमेरा होता. सेकंदाला तीस चित्रं घेणारा साधाच, पण वेळ आणि वेग दोन्ही पट्टीवर उमटवणारा. मी ते चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं. धडकेआधी तीन सेकंद: व्हॅनचा उजवा दिवा उजळतो. तीन चौकटी उजेड, तीन चौकटी मंद, पुन्हा तीन चौकटी उजेड. म्हणजे एक उघडझाप सहा चौकटींची, सेकंदाला पाच. असं आठ वेळा, एकूण १.६ सेकंद. त्यानंतर तोच दिवा स्थिर. मात्र तोवर चित्रातली व्हॅन उजव्या बाजूला सरकायला लागलेली असते, म्हणजे मागच्या गाडीचं चाक डावीकडे वळलेलं असतं. दिवा स्थिर झाला तेव्हा बाईंची नजर आरशात होती.

आणि या सगळ्या वेळात डावा दिवा? तो नुसता मंद लाल. ना उजळ, ना लुकलुक.

डावा बल्ब

व्हॅन अजून तशीच उभी होती, फक्त डाव्या कोपऱ्याचा पत्रा चेपलेला. डाव्या दिव्याची काच फुटली होती, पण होल्डर आणि बल्ब शाबूत होते. बल्ब बाहेर काढून उजेडाकडे धरला. या प्रकारच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: २१ वॅटची ब्रेकसाठी आणि ५ वॅटची टेल लाइटसाठी. ५ वॅटची तार जशीच्या तशी होती. २१ वॅटची मधोमध तुटलेली, आणि तुटलेल्या टोकांना बारीक गोळी आलेली. पेटलेली तार धक्क्याने तुटते तेव्हा ती ताणली जाऊन वेडीवाकडी होते. इथे तसं काही नव्हतं. बल्ब धडकेत गेला नव्हता, आधीच उडालेला होता. कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण टेल लाइट दोन्हीकडे लागत होता आणि लांबून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं.

आता बाईंच्या जागी बसून बघा. पावसाचे थेंब काचेवर, वायपर फिरतोय. समोर दोन लाल ठिपके. डावा स्थिर मंद, उजवा भराभर उघडझाप करणारा. या व्हॅनच्या मॉडेलला वरचा तिसरा ब्रेक लाइट नव्हता, त्यामुळे खुलासा करायला तिसरं कोणी नाही. दोन्ही बाजूंचे दिवे एकत्र लुकलुकले तर माणूस चमकतो, सावध होतो. एकाच बाजूचा लुकलुकला तर तो त्याचा एकच अर्थ घेतो, आणि तो अर्थ शिकवायला कुठल्या पुस्तकाची गरज नसते.

इंडिकेटर पिवळा असतो आणि हा दिवा लाल होता, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, असं मालकांचं म्हणणं. बरोबर आहे. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो, हा त्याहून अडीचपट तरी जलद होता, हेही खरं. पण एका सेकंदात रंग आणि गती मोजून निर्णय घेणारा चालक मी पाहिलेला नाही. शिवाय अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल असलेला चालतो, तिथल्या कितीतरी गाड्यांत ब्रेकचाच दिवा इंडिकेटरचंही काम करतो. रंगावर एवढा भरवसा टाकण्यात अर्थ नाही.

उजव्या बाजूलाही एक गंमत होती, आणि मला वाटतं सगळ्या तपासणीत तीच सर्वांत बोलकी. मी डबी तशीच ठेवून, नवा बल्ब लावून, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चौकटींनी उजव्या दिव्याचं चित्रण केलं. साध्या बल्बची तार तापून पूर्ण प्रकाशाजवळ पोचायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. एलईडीला हा वेळ जवळजवळ लागतच नाही. डबी मात्र तारेला १०० मिलिसेकंदच देत होती. म्हणजे तार लालसर पिवळी होऊन उजळायला लागली की वीज तोडली. पुरती विझायच्या आत पुन्हा दिली. चित्रणात स्पष्ट दिसतं: लुकलुकीच्या आठही फेऱ्यांत दिवा पुढच्या स्थिर अवस्थेइतका उजळ एकदाही होत नाही. जास्त लक्ष वेधायला म्हणून लावलेली ही डबी पहिल्या दीड सेकंदात ब्रेक लाइट मंद करत होती!

मालकांना हे चित्रण दाखवलं. ते दोनदा पाहून म्हणाले, "पण डोळ्यांना तर भारी दिसतं हो." दिसतं खरं. गॅरेजात, अंधारात, चार फुटांवर उभं राहून कोणीही भारीच म्हणेल.

बल्ब डबीमुळे उडाला का, हा पुढचा प्रश्न. थंड तारेचा विद्युतरोध गरम तारेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका असतो, त्यामुळे दर वेळी वीज देताना पहिल्या क्षणी मोठा झटका बसतो. असे झटके वाढले की तारेचं आयुष्य घटणार, हे तर्काला धरून आहे. पण बल्ब अशा डबीशिवायही उडतात. म्हणून अहवालात मी "डबीने उडवला" असं लिहिलं नाही. सिद्ध होण्यासारखं होतं तेवढं लिहिलं: एक बल्ब बंद असताना स्थिर ब्रेक लाइट निदान अर्धा संदेश देतो, लुकलुकणारा मात्र चुकीचा संदेश देतो.

"मर्सिडीजला चालतं, मग आम्हाला का नाही?"

हा मालकांचा प्रश्न, आणि प्रश्न बिनतोड होता. मर्सिडीजच्या गाड्यांचे ब्रेक लाइट लुकलुकतात, इतरही अनेक कंपन्यांचे लुकलुकतात, आणि ते पूर्ण कायदेशीर आहेत. हे समजून घ्यायला नियमाचा मजकूर थोडा बारकाईनेच पाहावा लागतो.

जगातल्या बऱ्याच देशांचे वाहन-दिव्यांचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमावर बेतलेले आहेत. त्यात ब्रेक लाइट स्थिरच हवा, आणि त्याला अपवाद म्हणून 'इमर्जन्सी स्टॉप सिग्नल' नावाची एक वेगळी सोय आहे. तिच्या अटी वाचल्या की नियम लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते उघड दिसतं. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर असायला हवा. कारचा वेग कमी होण्याचा दर दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद किंवा जास्त हवा. जड वाहनांना ही मर्यादा ४ आहे. हा दर २.५ च्या खाली आला की लुकलुक बंद व्हायलाच हवी. सिग्नल आपोआप चालू आणि आपोआप बंद. सगळे ब्रेक लाइट किंवा सगळे इंडिकेटर एकाच तालात. गती सेकंदाला ४, एकाने कमी-अधिक चालेल. पण दिवा तारेच्या बल्बचा असेल तर ४ च्या वर जायचं नाही.

ती शेवटची अट वाचून मी मनात हसलो. मी मोबाइलवर जे पकडलं ते नियम लिहिणाऱ्यांना आधीच माहीत होतं. बल्बला तापायला वेळ लागतो म्हणूनच ती अट.

आता मामांचा ब्रेक बघा. ट्रॅकरप्रमाणे त्या तीन सेकंदांत व्हॅन ३८ वरून २२ वर आली. हा दर होतो दीडच्या आसपास. ६ तर सोडाच, २.५ सुद्धा नाही. आणि वेग मुळातच ५० च्या खाली. नियमाप्रमाणे त्या क्षणी कुठल्याही गाडीचा ब्रेक लाइट लुकलुकायला नको होता, मर्सिडीजचाही. मर्सिडीजची प्रणाली ताशी ५० च्या वर जोरदार ब्रेक लागला तरच दिवे लुकलुकवते, आणि ७० च्या वरून तसाच ब्रेक लावून गाडी उभी राहिली तर हॅझर्ड, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम, आपोआप सुरू करते. रोजच्या रहदारीत ती वर्षभर गप्प बसली तरी नवल नाही.

डबी हे करू शकत नाही याचं कारण तिच्या लाल वायरीत आहे. ती ब्रेक स्विचला जोडलेली असते, आणि ब्रेक स्विचला हो आणि नाही एवढंच कळतं. पाय पेडलवर टेकला की पेडल जिवाच्या आकांताने दाबलं, हा फरक त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग ज्या डब्यांत वेग घटल्याचं ओळखणारा सेन्सर असतो त्या चालतील का? त्या तुलनेने शहाण्या असतात, हे मान्य. पण नियमाला हा इशारा गाडीच्या स्वतःच्या ब्रेक प्रणालीकडून, तिच्या मंजूर झालेल्या तर्कानुसार आलेला हवा आहे. बाहेरून आणून टेप मारून जोडलेल्या वस्तूला तिथे जागा नाही. ब्रिटनचे १९८९ चे वाहन-दिव्यांचे नियमही असेच: दिव्याने स्थिर प्रकाश द्यावा, अपवाद मोजून दिलेले.

अमेरिकेचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. तिथला केंद्रीय मानक क्रमांक १०८ ब्रेक लाइट स्थिर पेटणारा हवा असं सांगतो आणि इमर्जन्सी स्टॉप सिग्नललाही सरसकट परवानगी देत नाही. २००६ साली मर्सिडीज-बेंझला मर्यादित गाड्यांपुरती तात्पुरती सूट मिळाली, तेवढीच. डीलर, गॅरेज किंवा दुरुस्ती करणाऱ्याने मानकाप्रमाणे बसवलेली वस्तू जाणूनबुजून निकामी करू नये, असा केंद्रीय कायदा आहे. गाडीच्या मालकाने स्वतःच्या हाताने बदल केला तर मात्र प्रश्न राज्याच्या कायद्यावर जातो. आणि राज्यांत एकवाक्यता नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचं कलम २५२५१.५ ब्रेक लाइटला ब्रेक लावल्यापासून पहिल्या चार सेकंदांत जास्तीत जास्त चार वेळा लुकलुकू देतं! म्हणजे गॅरेजवाल्याने बसवलं तर केंद्राचा कायदा आडवा येतो, आणि बसलेलं असलं तर राज्याचं कलम हरकत घेत नाही. अशा गुंत्यात डबीच्या खोक्यावर छापलेल्या 'कायदेशीर' या शब्दाला किती वजन द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या डबीच्या खोक्यावरही तो होता. कुठल्या देशात, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

अमेरिकेतलाच एक अपवाद मला जास्त शिकवून गेला. २०१९ मध्ये ग्रोएंडाइक ट्रान्सपोर्ट या टँकर वाहतूक करणाऱ्या कंपनीला एक सूट मिळाली: टँकरच्या मागे वर मध्यभागी ब्रेकबरोबर लुकलुकणारा एक जादा पिवळा दिवा लावायची. कंपनीने आपल्या ताफ्याचा हिशोब मांडला होता: असा दिवा असलेल्या टँकरांना मागून बसणाऱ्या धडका ३३.७ टक्क्यांनी कमी. यात कळीचा शब्द 'जादा' हा आहे. लाल ब्रेक लाइट जागच्या जागी, स्थिर. हा पिवळा त्यांच्याशिवाय जादा. मूळ संदेशाला कोणी हात लावला नाही. आमच्या डबीने नेमका मूळ संदेशच तोडून टाकला होता.

पण उपयोग तर होतो ना?

होतो. इथे मला सर्व्हेअरच्या बाजूने बोलता येणार नाही. लुकलुकणारा दिवा लक्ष ओढतो, यात वादच नाही. डोळ्याच्या कडेला तपशील नीट दिसत नसला तरी बदल आणि हालचाल पटकन जाणवते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने केलेल्या चाचण्यांतही, नजर रस्त्यावरून हटलेल्या चालकाला परत समोर बघायला लावण्यात लुकलुकणारे आणि जास्त उजळ दिवे स्थिर दिव्यांपेक्षा सरस ठरले. स्थिर ब्रेक लाइटची अडचण खरी आहे: पुढचा हलका थांबतोय की खच्चून थांबतोय, हे तो सांगत नाही. लांबून पुढच्या गाडीचा आकार किती भराभर वाढतोय यावरूनच आपण ते ओळखतो, आणि त्यात माणूस फार कच्चा आहे.

म्हणूनच ही कल्पना जुनी आहे. जॉन व्होएवोड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या ३४३ टॅक्सींना मागे एक पिवळा दिवा लावून पाहिला. वेग जितका झपाट्याने घटेल तितका तो जलद लुकलुके. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मागून होणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. त्यापुढच्या टॅक्सींवरच्या आणि इतर ताफ्यांवरच्या प्रयोगांतून स्थिर पेटणारा तिसरा ब्रेक लाइट पुढे आला, आणि १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या नव्या कारना तो सक्तीचा झाला. ताफ्यांच्या प्रयोगांत धडका निम्म्याच्या आसपास घटल्या होत्या, त्यामुळे अपेक्षा दांडग्या होत्या. १९९८ मध्ये दीर्घकालीन हिशोब निघाला तेव्हा घट उरली होती ४.३ टक्के.

दोन्ही आकडे अगदी एकास एक ताडून पाहण्याजोगे नाहीत. मोजायची पद्धत वेगळी होती. पण सुरुवातीच्या वर्षांत परिणाम जास्त होता आणि सगळ्यांच्याच गाडीला तो दिवा आल्यावर तो उतरला, हे त्याच हिशोबात दिसतं. ४.३ टक्केही कमी नाहीत, तिसरा दिवा स्वस्त आहे आणि तो असायलाच हवा. पण नवेपणाचा भाग किती असतो, हे त्यातून कळतं. थोड्या टॅक्सींना लावलेला दिवा वेगळा उठून दिसतो. सगळ्यांनाच लावला की तो रस्त्याचाच एक भाग होतो.

आता बाईंच्या कॅमेऱ्याकडे परत येऊ. धडकेआधीची चार मिनिटं दहा सेकंद त्यात आहेत आणि जवळजवळ सगळा वेळ हीच व्हॅन पुढे आहे. मी मोजलं: तेवढ्या वेळात व्हॅनचा ब्रेक तेवीस वेळा लागला. तेवीसही वेळा दिवा लुकलुकला. पहिल्या बावीस वेळा काहीही झालं नाही. रांग सरकली, पुन्हा थांबली. आधीच्या वेळी तुम्ही फसला कसा नाहीत, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा आम्ही दोघंही रांगेत अडकलेलो होतो, कुठे जाणार? नंतर मी बघणंच सोडलं. वाटलं, त्यांच्या दिव्याची वायर ढिली आहे." तेविसाव्या वेळी डावीकडची जागा मोकळी झालेली होती.

वायर ढिली आहे. इतकी सुंदर टीका मला सुचली नसती. इशाऱ्यासाठी लावलेली वस्तू चार मिनिटांत बिघाड वाटायला लागली.

अहवाल, आणि त्यानंतर

अहवालात मी तिन्ही बाजूंना थोडं थोडं दुखावलं. बाईंच्या गाडीचा वेग ४३ होता, ब्रेक लागला तेव्हा दोन गाड्यांत साधारण बारा मीटर अंतर होतं. म्हणजे एका सेकंदाचं. ओल्या रस्त्यावर ते फारच कमी, आणि दिव्याचा अर्थ लागत नसेल तर पुढे काढायला जायचं नसतं. व्हॅनचा डावा ब्रेक लाइट बंद होता. ही देखभालीतली चूक आणि ती धडकेच्या आधीची. आणि डबी: तिची लुकलुक नियमाच्या गतीत बसत नव्हती, वेगात बसत नव्हती, ब्रेकच्या जोरात बसत नव्हती, आणि एक बल्ब गेल्यावर तिने वळण्याचा खोटा इशारा दिला. सर्व्हेअरचा 'नियमबाह्य' हा शब्द बरोबर होता. 'केवळ त्यामुळेच' हे त्याचं पुढचं म्हणणं मात्र मी मान्य केलं नाही.

शेवटी दोन्ही विमा कंपन्यांनी नुकसान वाटून घेतलं. प्रकरण कोर्टात गेलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज मी मालकांनाही दिला नाही.

मालक काही दिवस गप्प होते. मग स्वतःच फोन करून म्हणाले, सगळ्या डब्या काढून टाका, आणि काढताना तुम्ही हजर राहा. माणूस सरळ आहे. आधीच्या वर्षी त्यांच्या दोन व्हॅनना मागून धक्के बसले होते आणि चालकांच्या काळजीपोटीच त्यांनी हा खर्च केला होता. वायरमनने एकेक डबी कापून, मूळ वायर परत जोडून, वर हीट श्रिंक चढवली. अकरा व्हॅनपैकी मामांची सोडून आणखी तीन गाड्यांचा एकेक ब्रेक बल्ब उडालेला निघाला. म्हणजे चार व्हॅन एका बाजूने लुकलुकत फिरत होत्या. एका गाडीच्या जोडणीत पाणी शिरून तांब्याला हिरवट बुरा चढला होता. तिथला दिवा लुकलुकीनंतर कधी स्थिर होई, कधी होतच नसे.

मालकांनी विचारलं, मग आता बल्बच्या जागी एलईडी टाकू का? मी थांबवलं. ज्या दिव्याची मंजुरी तारेच्या बल्बसकट झाली आहे त्यात एलईडी बल्ब कोंबला की प्रकाश कुठे पडेल याची खात्री राहत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तोही नियमबाह्यच. चांगल्या प्रतीचे साधे बल्ब घ्या, होल्डर साफ करा, तिसरा दिवा बसवता येत असेल तर मंजूर प्रकारचाच बसवा, आणि रोज सकाळी बघा. बघणार कोण, हा प्रश्न आला, कारण चालक एकटा असतो. ब्रेक दाबायचा आणि त्याच वेळी मागे जाऊन बघायचं, हे कसं जमणार?

त्यावर तोड मामांनीच काढली. आता ते रात्री व्हॅन लावताना मागची बाजू भिंतीकडे करतात, हात-दीड हात अंतर ठेवून. सकाळी निघण्याआधी सीटवर बसूनच ब्रेक दाबतात आणि दोन्ही आरशांतून भिंतीकडे बघतात. डावीकडे एक लाल डाग, उजवीकडे एक लाल डाग, दोन्ही सारखे आणि स्थिर. मग पाय उचलतात आणि चावी फिरवतात.